हीर आणि तार

मेन जेटमध्ये तार मी घातली होती. हे वाक्य मी आजवर कोणापाशी उच्चारलेलं नाही. अप्पांपाशी नाही, आईपाशी नाही, आणि लग्नाला तीस वर्षं उलटून गेली तरी बायकोपाशीही नाही. वाचणाऱ्याला वाटेल, यात एवढं काय? हरभऱ्याएवढा पितळेचा तुकडा, त्याला आरपार एक बारीक भोक, त्यातून इंजिनाला पेट्रोल जातं. त्यात तार गेली म्हणून जग बुडत नाही. बुडालंही नाही. एक माणूस गावातून गेला, एवढंच झालं.

आमची गाडी म्हणजे ट्रक. गावात तिला नुसतं 'गाडी' म्हणत, कारण दुसरी नव्हती. लष्कराच्या लिलावातून सुटलेली, दोन मालकांच्या हातून फिरलेली ही गाडी वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, घेतली तेव्हा मी शाळेत होतो. पुढे रत्नागिरीत जिकडेतिकडे डिझेलचे ट्रक दिसायला लागले तरी आमची पेट्रोलवरच चालायची. नाक लांब, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे, आणि बॉनेट उघडलं की आत माणूस उभा राहील एवढी जागा. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत ती खाणीवरचा जांभ्याचा चिरा वाहायची, मग दोन महिने आंब्याच्या पेट्या, आणि पावसाळाभर मांगराला, म्हणजे शेतावरच्या खोपटाला, टेकून झावळ्यांच्या आडोशाला उभी राहायची. आमचं सगळं घर तिच्या चाकांवर होतं. सकाळी ती एका दमात सुरू झाली की आई चुलीपाशी बसल्या बसल्या कपाळाला हात लावून नमस्कार करायची. सुरू झाली नाही की त्या दिवशी पिठल्यात मीठ जास्त पडायचं.

गाडी चालवायचा रावजीदादा. आमच्याच गावातला, पण वरच्या वाडीतला. चाळिशीचा, काटकुळा, डोक्याला टोपी, तिची कड तेलाने काळी झालेली. सकाळी येऊन पडवीत बसायचा. आई त्याला तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं द्यायची, कधी भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. "वयनी, आज बांगडा डोक्याकडला दिलात, म्हंजे अप्पा रागावलेत वाटतं," असं तो म्हणायचा आणि आई आतून हसायची. त्याची ताटली वेगळी होती, जर्मनची, पडवीच्या वाशात खोचलेली. जेवला की तो ती स्वतः धुऊन पुन्हा वाशात खोचायचा. आणि घरी कोणी पाहुणा आला, हा कोण म्हणून विचारलं, की अप्पा सांगायचे, "रावजी होय? तो घरातलाच." ताटली बाहेर आणि माणूस घरातला, यात आम्हाला कोणालाच काही खटकत नसे. मला आता खटकतं. आता खटकून काय उपयोग, हेही कळतं.

रावजीदादाला वाचता येत नव्हतं, पण इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणारा कारबोरेटर लावावा तर त्याने. इंजिन गरम झालं की तो बॉनेटमध्ये वाकायचा, हवेचा स्क्रू आवळत न्यायचा, इंजिन अडखळलं की थांबायचा, मग सैल सोडत न्यायचा, ते उधळल्यासारखं झालं की पुन्हा थांबायचा, आणि या दोन टोकांच्या मधली एक जागा डोळे मिटून शोधायचा. ती सापडली की सगळ्या गाडीची थरथर एकदम बसायची. "घरधनीन जात्यात मूठ सारखी टाकते तवा जातं कसं बोलतं, भाऊ? तसं इंजान बोललं पायजे," असं म्हणायचा. मला तो भाऊ म्हणायचा, मी त्याच्या निम्म्या वयाचा असून. जेट साफ करायचं त्यानेच मला दाखवलं होतं. पेट्रोलात भिजत ठेवायचा, मग तोंडाने फुंकायचा. "फुकून नाय सुटला, तर केरसुणीची हीर घ्या. भिजवून मऊ करा नि मग घाला. तार नको हां. पितळ हाय तां. तारेनं रुसतं." आमच्याकडे माडाच्या पातीच्या शिरेला हीर म्हणतात, तिच्याच केरसुण्या बांधतात. मग तो जेट उन्हाकडे धरायचा आणि एक डोळा मिटायचा. "सूर्य गोल दिसला, म्हंजे जेट बरोबर."

मी तेव्हा मोटार मेकॅनिकचा कोर्स पुरा करून रत्नागिरीहून घरी आलो होतो. सोबत एक सर्टिफिकेट होतं आणि बोलण्यात 'मिश्रणाचं प्रमाण' असले शब्द. हायवेच्या नाक्यावर मला गॅरेज घालून द्यायचं अप्पांच्या मनात होतं, जागाही बघून ठेवली होती. "आधी घरच्या गाडीवर हात दाखव," एवढंच त्यांचं म्हणणं. दसऱ्याच्या सुमारास गाडी आडोशातून काढायची वेळ आली, आणि नेमका रावजीदादा भातकापणीला आपल्या वाडीत गेला. चार दिवसांनी येतो, आल्यावर दोघं मिळून खोलू, असं सांगून गेला होता. मी थांबलो नाही. त्याच्याशिवाय करून दाखवायचं होतं, दुसरं कारण नव्हतं.

मागच्या पडवीत गोणपाट अंथरून मी कारबोरेटर खोलला. चार महिने उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून गेलं होतं आणि तळाला काकवीसारखी चिकट खळ उरली होती. पितळी फ्लोट कानाशी हलवून बघितला, आत पेट्रोल शिरलेलं नव्हतं. सुई घासली, पंपाचं कातडी वायसर तेलात घातलं, कॅलेंडरच्या जाड पुठ्ठ्याचं गॅस्केट कापलं. सगळं आईच्या जुन्या परातीत ओळीने मांडलं. आई मधेच येऊन म्हणाली, "एवढीशी वस्तू, आणि गाडी हिच्या जिवावर चालते होय?" मला फार मोठं वाटलं. मेन जेट तेवढा सुटेना. फुंकून गाल दुखले. मग केरसुणीची हीर ओढली आणि न भिजवताच घुसवली. अर्ध्यात कटकन मोडली. तुकडा आतच राहिला.

त्या वेळी जेट पेट्रोलात टाकून दोन दिवस वाट बघता आली असती. पण अंगणात अप्पा खाणवाल्याला सांगत होते, "उद्या गाडी येते. पोराने खोललाय सगळा." मी क्लचच्या जुन्या केबलची एक तार काढली, सांडशीने सरळ केली आणि जेटमध्ये घातली. अडली, म्हणून पिळून फिरवली. हिरीचा तुकडा बाहेर पडला. त्याबरोबर पिवळी बारीक भुकटी माझ्या तळहातावर पडली. ती मी विजारीला पुसली. जेट उन्हाकडे धरला नाही. धरला तर काय दिसेल, ते मला माहीत होतं.

गाडी पहिल्या हॅण्डलला सुरू झाली. आणि जोर असा की चिऱ्याने भरलेली गाडी खाणीचा चढ पूर्वी कधी चढली नव्हती अशी चढली. भोक मोठं झालं की पेट्रोल जास्त जातं, आणि काही दिवस तो जोर खराच वाटतो. अप्पांनी नारळ फोडला. नाक्यावर चहा पिताना चारचौघांत म्हणाले, "आता मिस्त्रीच्या पाया पडायला नको. आमचा मिस्त्री घरातलाच." आईने शिरा केला. मी दोनदा वाढून घेतला.

रावजीदादा परत आला आणि गाडी घेऊन खाणीवर एक खेप करून आला. उतरला, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, मान कलती केली. म्हणाला, "जोर हाय. पन खाते वो ही." त्याने एक प्लग काढला. काजळी धरलेला. "भाऊ, जेट कशानं साफ केलात?"

"फुंकून."

"हीर घातलीत?"

"हो. भिजवून."

तो माझ्याकडे जरासा बघत राहिला, मग त्याने प्लग टोपीच्या कडेला पुसून परत बसवला. 

टाकीतलं पेट्रोल मोजायला अप्पांची एक बांबूची काठी होती, तिच्यावर कोयतीने खुणा घातलेल्या. रोज संध्याकाळी ती टाकीत बुडवायची, ओली कुठपर्यंत झाली ते बघायचं. महिनाभरात रोज एक खूण कमी भरायला लागली, मग दीड. गाडी रस्त्याकडेच्या आंब्याखाली उभी असायची, म्हणून पहिल्यांदा संशय गेला आल्यागेल्यावर. अप्पांनी टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं. किल्ल्या दोनच, एक अप्पांच्या गळ्यात, जानव्यासारखी, दुसरी रावजीदादाकडे. पेट्रोल तरी कमीच. मग ज्याच्याकडे दुसरी किल्ली, त्याच्याकडे लोक बघायला लागले. खाणीवर कोणी तरी बोललं, की वाटेत थांबून नळी घालत असेल. ते ऐकून रावजीदादा सरळ अप्पांपाशी आला. मी पडवीत बसून सुपारी कातरत होतो.

"अप्पा, कारबेटर खोलून बघूया. त्याच्यातच कायतरी हाय."

अप्पांनी माझ्याकडे मान वळवली. "काय रे? आहे काय त्यात काही?"

अडकित्ता माझ्या हातात होता. नाक्यावरची जागा डोळ्यांपुढे होती, आणि चारचौघांत फोडलेला तो नारळ. मी म्हटलं, "नाही. सगळं पुस्तकाप्रमाणे आहे. मी स्वतः बसवलंय."

हे वाक्य तारेपेक्षा वाईट. तार घाईत घातली होती. हे मी सुपारी कातरत, शांतपणे बोललो. त्याच दिवशी नवा जेट मागवायला मी मुंबईला मित्राला पत्र टाकलं, तेव्हा मला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, याबद्दल वाचणाऱ्याने मला कसलीही सवलत देऊ नये. जेट आला की गुपचूप बदलायचा, पेट्रोल जायचं थांबेल, आणि लोक विसरतील, असा माझा बेत होता. रावजीदादाने तेवढी वाट बघितली नाही. "देवीला विचारूया," म्हणाला. "माज्या पोराबाळांना उद्या कोन चोराची म्हनायला नको."

आमच्याकडे तेव्हा असा तंटा पोलिसांकडे जात नसे. ग्रामदेवीला कौल लावायचा. मंगळवारी सकाळी देवळात गेलो. गावचे मानकरी म्हणजे गावकर, गुरव, अप्पा, रावजीदादा, मी आणि दहा-बारा माणसं. गुरवाने पाषाणाला पाणी घातलं आणि फुलाच्या ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर उजवा कौल, डावीकडची पडली तर डावा. पहिल्या कौलाला कोणाचं नाव घेऊन विचारायचं नाही, अशी रीत. गुरव हात जोडून गाऱ्हाणं घालायला लागला, "आई, आज तुझ्या लेकरांच्यात किंतु पडलाय. ह्या गाडीचं पेट्रोल घरातल्या माणसाच्या हातून जात असंल, तर उजवा दे. भायरच्याच्या हातून जात असंल, तर डावा दे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मी नुसते ओठ हलवले. रावजीदादाचा आवाज सगळ्यांत मोठा.

मी त्या पाकळीकडे बघत होतो. गाभाऱ्यात ओल्या दगडाचा आणि उदबत्तीचा वास, बाहेर कोणाची तरी गाय हंबरत होती. उजवीकडची पाकळी हळू सरकली, खांद्यापाशी क्षणभर अडकली आणि पडली.

"घरातल्या मानसाच्या हातून," गुरव म्हणाला.

कौलाबिवलावर माझा विश्वास आहे असं मी आजही म्हणणार नाही. ओली पाकळी, वजनाने पडते. पण त्या दिवशी त्या देवळात एकच खरं वाक्य बोललं गेलं आणि ते दगडाच्या तोंडून. आणि आयुष्यभर ज्याला घरातला म्हणत आलो, त्याच्याकडे सगळ्यांच्या माना वळल्या. माझ्याकडे एकही वळली नाही. मी घरातला, हे कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही, इतका मी घरातला होतो.

गुरवाने विचारलं, "अप्पा, पुढचा लावायचा? कोन तां विचारायचं?"

 पुढचा प्रश्न विचारला असता तर पाकळीने काय केलं असतं कोण जाणे, पण मी बोललो असतो. असं मी स्वतःला आजवर सांगत आलोय. अप्पा म्हणाले, "नको. कळलं." आणि मला बरं वाटलं. हे लिहायचं म्हणून मी हे प्रकरण लिहायला बसलो. तो माणूस तिथे माझ्यापासून दोन हातांवर उभा होता, आणि मला बरं वाटलं.

रावजीदादाने टोपी काढली, देवीपुढे डोकं टेकलं. उठून म्हणाला, "आई खोटं बोलायची नाय. घरातलाच हाय." सगळ्यांनी ते कबुली म्हणून ऐकलं. गावकर चुकचुकले. त्याने टाकीची किल्ली कमरेची सोडून पायरीवर ठेवली, अप्पांच्या हातात दिली नाही. बाहेर चाफ्याखाली मी चपला शोधत होतो तिथे तो आला. इकडेतिकडे बघून हळू म्हणाला, "भाऊ, तो जेट बदलून घ्या. घाटात भरल्या गाडीनं दम टाकला, तर मानूस मरेल." आणि वरच्या वाडीच्या पाखाडीने, दगडी पायऱ्यांच्या वाटेने, चढून गेला.

त्याने नाव का घेतलं नाही, याचा विचार मी पुष्कळ केला. मोठं मन, खाल्लेलं मीठ, असली उत्तरं मला सुचतात आणि ती माझ्याच सोयीची आहेत. मालकाच्या सर्टिफिकेटवाल्या पोरापुढे आपलं कोण ऐकणार, एवढंच त्याला कळलं असेल. ताटली कुठे खोचलेली असते, ते त्याला रोज दिसत होतं.

आठ दिवसांनी जेट आला. मी तो बसवला, जुना उन्हाकडे धरून बघितला. सूर्य लांबट दिसला, तांदळाच्या दाण्यासारखा. मग हवेचा स्क्रू आवळत आणि सोडत मी मधली जागा शोधली, त्यानेच शिकवल्याप्रमाणे, डोळे मिटून. जातं चांगलं बोलायला लागलं. संध्याकाळी अप्पांनी काठी बुडवली. खूण बरोबर भरली होती. दुसऱ्या दिवशीही भरली. अप्पा काठी पुसत आईला म्हणाले, "बघितलंस? रावजी गेला आणि पेट्रोल जायचं थांबलं."  वाशातली ताटली आईने काढली आणि कुठे ठेवली ते मला कधी दिसलं नाही. उरलीसुरली शंका होती, ती मी माझ्या हातांनी मिटवली, नवा जेट घालून. जुना ठेवला असता तर निदान काठी तरी त्याच्या बाजूने बोलत राहिली असती.

मग शिमगा आला. देवीची पालखी वरच्या वाडीत गेली. पालखीला पुढचा उजवा खांदा द्यायचा मान रावजीदादाच्या घराचा, त्याच्या आज्यापासूनचा. गावकरांनी त्याला निरोप धाडला की यंदा तुम्ही खांदा देऊ नये. पालखी त्याच्या अंगणापुढून नाचत गेली. तो दारात उभा होता, पांढरा धुवट सदरा घालून. सदरा आदल्या दिवशीच धुतला असेल, निरोप यायच्या आधी. ढोल वाजत होते, पोरं ओरडत होती, आणि मी पालखीच्या मागल्या दांडीला खांदा देऊन होतो. त्याने पालखीला लांबूनच हात जोडले. पंधरा दिवसांत तो मुंबईला गेला, कसल्याशा गोदामावर वॉचमन म्हणून राहिला. मुंबईचे चाकरमानी शिमग्याला कर्ज काढून येतात, सुट्टी नसली तर नोकरी सोडून येतात. रावजीदादा आला नाही. एकाही शिमग्याला आला नाही. गाडी परत कधी हातात धरली नाही, असं ऐकलं. तिकडेच वारला, अप्पांच्या आधी दोन वर्षं.

माझं गॅरेज नाक्यावर झालं, चाललंही बरं. आता गाड्यांना कारबोरेटरच नसतो, पोरं संगणक लावून दोष काढतात. जुनी मोटारसायकल आली तरच मी हात घालतो. माझ्या टेबलावर केरसुणीच्या हिरी पाण्याच्या पेल्यात भिजत असतात. गिऱ्हाइकं हसतात, "काका, ही कसली देवपूजा?" मी म्हणतो, सवय. गॅरेजमधल्या कोणाही पोराने जेटला तार लावली तर मी फार चिडतो. ती चीडही खोटीच, हे त्यांना ठाऊक नाही.

रावजीदादाचा थोरला मुलगा दोन वर्षांपूर्वी गावात परत आला, घर बांधलं. शिमग्यात पालखी त्याच्या अंगणात जाते, तो ओवाळणी करतो, नारळ देतो. खांद्याला मात्र पुढे येत नाही, आणि त्याला कोणी ये म्हणत नाही. का नाही, ते गावातल्या नव्या पोरांना सांगताही येणार नाही, पण न बोलावण्याची रीत पक्की झाली आहे. तो मला वाटेत भेटला की 'काका' म्हणून वाकतो. मी त्याच्या आईची चौकशी करतो.

हे लिहिलं म्हणजे फिटलं, असं मी समजत नाही. आमच्या गावात पुस्तकं कोणी वाचत नाही, हे मला माहीत आहे, आणि ते माहीत असल्यामुळेच लिहायला धीर आला असावा. मंगळवारी सकाळी देवळात, गावकर, गुरव आणि रावजीदादाचा मुलगा यांच्यादेखत उभं राहायचं आणि तार मी घातली, खांदा त्यांचा आहे, एवढं मोठ्याने सांगायचं, हे मी देणं लागतो. यंदाचाही शिमगा झाला. मी सांगितलेलं नाही.